निवळलेलं पाणी

जेवणाच्या सुट्टीत आमच्या कापड कारखान्याच्या रंगखात्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक कोऱ्या कापडाच्या गाठींवर चढले होते. मधोमध स्टुलावर माझा दादा, हात पुढे करून, आणि त्याच्यामागे बोट टोचून घ्यायला आलेल्यांची रांग.

समोर औषधी भुकटी विकणारा निवळबाबा. त्याने दादाच्या बोटात सुई टोचली, रक्ताचा थेंब पाण्यात सोडला, वर कुपीतलं ‘सत्त्व’ ओतलं. पाणी तपकिरी झालं. म्हणे, यकृतातलं विष वर आलं! ते पाणी त्याने तीन ग्लासांत ओतलं. एकात डॉक्टरांची जुनी गोळी टाकली, काही नाही. दुसऱ्यात नवी गोळी, तिचीही तीच गत. तिसऱ्यात स्वतःच्या सुगंधी भुकटीची चिमूट, आणि पाणी नितळ.

रंगाऱ्यांना एवढं पुरलं. रंगाच्या हौदातलं पाणी निवळलं की काम फत्ते, हेच ते जन्मभर शिकलेले. दादा तर तीस वर्षं रंगमिस्त्री.

दादाला हिपॅटायटिस बी होता, यकृत आक्रसून दगड झालेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गोळ्यांमधला फरक नीट समजावला होता. जुन्या गोळीला विषाणू सरावला होता. नवी त्याला दाबून ठेवते, पण मुळासकट काढत नाही, म्हणून एक दिवसही चुकवायची नाही. बाई खरं बोलल्या आणि तिथेच हरल्या. बाबा म्हणाला, एकवीस दिवसांत रोग साफ. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत कापड तपासते. दादाला परोपरीने सांगितलं. तो म्हणाला, “अगं, तुझं सगळं पुस्तकातलं. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

गोळ्या बंद झाल्या. वहिनी हातापाया पडली, व्यर्थ. दीड महिन्यात पोट पाण्याने तटतटलं, डोळे पिवळे झाले, मधूनच तो आम्हालाही ओळखेना. त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं.

त्याच आठवड्यात बाबा पुन्हा आला. या वेळी मी पुढे उभी राहिले. त्याचा ग्लास हिंदकळला, तपकिरी थेंब कोऱ्या कापडावर पडले आणि निळेकाळे झाले. कापडातली खळ, म्हणजे स्टार्च, निघाली की नाही हे मी रोज असंच बघते. आयोडीनचा थेंब टाकायचा, निळाकाळा पडला तर खळ शिल्लक. म्हणजे बाबाचं ‘सत्त्व’ आयोडीनच होतं.

प्रयोगशाळेतून आयोडीन आणलं, आणि ब्लीचनंतर क्लोरीन मारायला वापरतो तो हायपो. रक्ताशिवाय पाणी तपकिरी करून दाखवलं, चिमूटभर हायपोने नितळ केलं.

बाबा म्हणाला, “श्रद्धेशिवाय भुकटी चालत नाही.”

मी म्हटलं, “ही तर चालली. श्रद्धा घालायची मी विसरलेच.”

बाबाने पिशवी उचलली आणि मागच्या दाराने सटकला.

दादाला सांगितलं तेव्हा तो शुद्धीवर होता. म्हणाला, “हौदातलं पाणी निवळतं ते रंग कापडात बसतो म्हणून. खात्यातल्या पोरांना मीच शिकवलं गं हे. त्या ग्लासात कापड कुठे होतं?”

नवी गोळी पुन्हा सुरू केली होती, पण फार उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

सगळं रंगखातं घरी आलं, खाली मान घालून. बाबाला शिव्या घालत होते. मला त्या शिव्यांचा वीट आला होता. मी विचारलं, “त्या दिवशी दादानंतर किती जणांनी बोट टोचून घेतलं?”

एकेक हात वर आला. मी सतरा मोजले.

“सुई एकच होती. हा रोग रक्तातून पसरतो. उद्या सकाळी सगळ्यांनी रक्त तपासायला चला. आणि यापुढे डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगू नका, तपासून पाहिलं म्हणून सांगा.”

हात वरच राहिले होते. प्रत्येक जण आपापलं बोट बघत होता.