मांजरांना घातलेली न्याहारी

मित्रांनो, मी एक रागीट डबा आहे. जुनाही आहे, पण राग आधी सांगितलेला बरा, म्हणजे पुढे ऐकताना तुमची फसगत होणार नाही. चार पुडं, एक उभी कडी, पांढऱ्या मुलाम्यावर हिरवी पानं. तीन ठिकाणी टवके उडाले आहेत, आणि त्यातला एक कुणामुळे उडाला तेही मी विसरलेलो नाही.

माझा जन्म जावा बेटावरच्या एका कारखान्यात झाला. पत्रा ठोकून मला गोल केलं, मुलाम्यात बुडवलं, भट्टीत घातलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा घातलं. पानं एका बाईनं हातानं काढली. तिचा हात हलका होता. पुढे क्लातेन गावच्या बाजारातून मला पाक पार्जान यांनी (मान द्यायचा तर आमच्याकडे पुरुषाच्या नावाआधी ‘पाक’ आणि बाईच्या नावाआधी ‘बू’ लावतात) उचललं आणि नव्या बायकोच्या हातात ठेवलं. त्या बायकोचं नाव मुजियाती. कपडे शिवायची, हसताना तोंडावर हात धरायची, आणि कुणालाही ‘नको’ म्हणायची तिला चोरी. तो एक दोष सोडला तर माझी मालकीण लाखात एक.

सुरुवातीची वर्षं मजेची होती. सणाला सासरी-माहेरी, व्याह्यांकडे डबा पाठवायची आमच्याकडे पद्धत आहे. मी भात नेला, नारळाच्या दुधातली कोंबडी नेली, गोड शेवया नेल्या. वरून झाकण उघडलं की माणसं वाकून वास घ्यायची आणि माझंही कौतुक करायची. कौतुक कुणाला आवडत नाही?

मग मुजियातीला साखर निघाली. वजन उतरलं, नजर धूसर झाली, आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला रोजची इन्सुलिनची सुई लावून दिली. सकाळचा भात बंद, गुळाचा पाक बंद, गोड चहा बंद. जावामध्ये गोड चहा बंद म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. इथे चहा म्हटलं की तो गोडच येतो. बिनसाखरेचा मागितला तर दुकानदार आधी तोंडाकडे बघतो आणि मग बिचारी दिसते म्हणून एक चमचा घालतोच.

त्या दिवसापासून न्याहारी पाक पार्जान यांनी हातात घेतली. त्यांची बदकं होती, त्यामुळे अंड्यांना तोटा नव्हता. ते अंडी राखेत आणि मिठात मुरवून उकडत. तशी अंडी प्रवासात आठवडाभर टिकतात. माझ्या वरच्या पुडात अंडी, दुसऱ्यात टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, नुसती तव्यावर भाजलेली. तिसऱ्यात उकडलेल्या शेंगा आणि पालेभाजी, वर खोबरं. ही भाजी दुपारपर्यंत आंबते म्हणून आधी संपवायची. तळाला उकडलेले शेंगदाणे, बस कुठे अडकली तर म्हणून. झाकणाच्या आत त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली होती: ‘आधी सुई. मग अर्ध्या तासात न्याहारी. भात नाही.’ अक्षर वेडंवाकडं, पण मी ते छातीवर मिरवत होतो.

मुजियातीची एक इच्छा होती. नऊ वलींच्या, म्हणजे जावामधल्या नऊ थोर मुस्लिम संतांच्या, कबरींची यात्रा करायची. गावातून दर वर्षी बस निघते, चाळीस माणसं, पाच दिवस. डॉक्टरीणबाईंनी डाव्या पायाकडे बोट दाखवलं. त्या पायाला संवेदना राहिलेली नव्हती. त्या म्हणाल्या, जा, पण रोज तळवे बघ, आणि सकाळची साखर चढू देऊ नकोस. चढली आणि जखम झाली तर पाय वाचवायची हमी मी देणार नाही. म्हणजे यात्रेत काय पणाला लागलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. बदकांना सोडून पाक पार्जान यांना निघता येईना, म्हणून त्यांनी मला चारही पुडं भरून तिच्या मांडीवर दिलं. भाजी रोज पहाटे बाजारातून ताजी घे, चौथ्या दिवशी टेम्पे संपेल तेव्हा तेही ताजं घे, आणि धर्मशाळेच्या चुलीवर वाफवून घे, असंही चारदा बजावलं.

आता त्या बाईविषयी. बसच्या न्याहारीचं बघायच्या बू हार्तिनी. हज करून आल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना बू हाजी म्हणत आणि त्यांच्यापुढे जरा वाकूनच चालत. चाळीस खोके भात, चाळीस ग्लास गोड चहा, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. मनानं वाईट होत्या असं नाही म्हणणार. पण आपल्या हातचं खाऊन कुणाचं काही बिघडू शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

पहिल्या सकाळी मुजियातीनं बसमध्ये मला उघडलं, तशी बू हाजींनी मान वळवली. आमच्याकडे सामुदायिक प्रवासात आपला वेगळा डबा काढणं म्हणजे यजमानाच्या अन्नाला नाक मुरडणं. बायका फिसफिसल्या. कुणी म्हणालं, बदकांबरोबर राहून मुजी बदकासारखं खायला लागली. मुजियाती तोंडावर हात धरून हसली. मला मुळीच हसू आलं नाही.

दुसऱ्या सकाळी तुबानला, एका वलींच्या कबरीपाशी, बस थांबली होती. फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली होती, झुंजूमुंजू होत होतं. मुजियातीनं सुई घेतली आणि मला चटईवर ठेवून हात धुवायला गेली. तेवढ्यात बू हाजी आल्या. त्यांनी माझी कडी काढली. अंडी, टेम्पे, भाजी, सगळं त्यांनी वाहनतळावरच्या मांजरांपुढे ओतलं. हो, ओतलं. एक पूड फरशीवर आपटलं, तिथला टवका तो. आणि माझ्या रिकाम्या पोटात त्यांनी काय भरलं? गुळाच्या पाकातला चिकट भात. वलींच्या दारची बरकत, म्हणजे प्रसादच म्हणा.

मुजियाती परत आली तेव्हा त्या मोठ्या प्रेमानं म्हणाल्या, “मुजी, यात्रेत असलं रुग्णाचं खाणं आणायचं नसतं. ही बरकत खा. वलींच्या दारच्या अन्नानं कुणाचं वाईट होत नाही.”

सुई घेतलेली होती. आता काही खाल्लं नाही तर ती भोवळ येऊन पडणार, आणि खायला समोर तेवढंच. शेजारी अंडी मिळत होती, पन्नास पावलांवर. फक्त म्हणायचं होतं, बू हाजी, मला हे चालत नाही. चाळीस जणं बघत होती. बरकत नाकारायची? तीही हाजीणबाईंच्या हातची? मुजियाती बसली आणि तिनं खाल्लं. मी तिच्या मांडीवर होतो.

बू हाजींनी मला बंद केलं तेव्हा माझ्या कडीत त्यांचं बोट चिमटलं. चांगलं काळंनिळं झालं. कडी ढिली आहे, असं सगळे म्हणाले. म्हणू देत. ते मी केलं होतं.

त्याची शिक्षा म्हणून मला बसच्या पोटात, सामानाखाली टाकलं. पुढच्या तिन्ही सकाळी मी अंधारात टायरांचा आवाज ऐकत होतो आणि वर ती खोक्यातला भात खात होती, गोड चहा पीत होती, कारण एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नको कोणत्या तोंडानं म्हणायचं? कबरींच्या पायऱ्या अनवाणी चढायच्या. दगड तापलेले. डाव्या पायाच्या करंगळीशेजारी फोड आला, फुटला, आणि तिला तो कळलाच नाही.

एका सकाळच्या भातानं बोट जात नाही, एवढं मलाही समजतं. पण चार सकाळी, तापलेले दगड आणि तोंडावर धरलेला हात, एवढं मिळून एक बोट गेलं. घरी परतल्यावर तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तिला मोठ्या इस्पितळात पाठवलं. मी रोज न्याहारी घेऊन तिथे जात होतो, म्हणून बघितलं. पाक पार्जान खाटेशी बसून अंडं सोलायचे. एकदा म्हणाले, “अगं, तू नुसतं नको म्हणाली असतीस.” ती भिंतीकडे तोंड करून रडली.

मग ईद आली. ईदला लहानानं मोठ्याची आणि मोठ्यानं लहानाची माफी मागायची, मनातलं-बाहेरचं सगळं माफ म्हणायचं आणि चहा प्यायचा, ही आमची रीत. बू हाजी बिस्किटांची बरणी घेऊन आल्या. हात जोडले, ठरलेले शब्द बोलल्या. मुजियातीही ठरलेले शब्द बोलली. बू हाजींचं लक्ष तिच्या पायाकडे एकदाही गेलं नाही. मी फळीवर होतो. मला वाटलं, एवढं स्वस्त? माझ्या पोटात काहीच नव्हतं, तरी जळजळ होत होती.

पण मित्रांनो, माझ्या मालकिणीला मी कमी लेखलं होतं. पाहुण्या गेल्यावर तिनं मला खाली काढलं, राख लावून घासलं आणि नवऱ्याला म्हणाली, “यंदा बदकं कुणाकडे तरी सोडा. आपण दोघं जाऊ. आणि अंडी जास्त मुरवा.” किती, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, होतील तेवढी.

त्या वर्षी माझ्यामागे दोन मोठे पेटारे होते. पहिल्या सकाळी तिनं चटई मुद्दाम बू हाजींच्या खोक्यांच्या ढिगाला लागून टाकली. बोट नसलेल्या पायात पुढून कापलेली चप्पल. तिनं माझी पुडं एकेक करून, सावकाश उघडली. बू हाजींनी गोड चहा पुढे केला.

“नको,” मुजियाती म्हणाली. आवाज चढवला नाही, हसलीही नाही. आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होती. मी ऐकला तो शब्द, आणि माझी चारही पुडं खुळखुळली.

पहिला आला तो बसचा चालक, कास्नो. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, एक अंडं मिळेल का, भात खाल्ला की मला गाडीवर पेंग येते, साखर आहे, मालकाला सांगितलेलं नाही. मुजियातीनं त्याला अंडं दिलं, टेम्पेचे चार तुकडे दिले. त्याच्या मागून शाळेतली एक निवृत्त बाई. मग एक शिंपी. दुसऱ्या सकाळी चटईवर नऊ जणं होती. गेल्या वर्षी बदकासारखं खाते म्हणणारी बाईही होती. मुजियातीनं तिला सगळ्यात शेवटी वाढलं आणि भाजी जरा कमीच घातली. छान केलं. साखर लपवणारी माणसं एका बसमध्ये इतकी निघतील, असं कुणाला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी बस पुन्हा तुबानला होती, त्याच वाहनतळावर. उघडलेच नाहीत असे बावीस खोके बू हाजींपुढे रचलेले होते. वर माश्या. बू हाजी माश्या हाकलत खोके पुन्हा पुन्हा मोजत होत्या. शेवटी त्या उठल्या आणि आमच्या चटईपाशी आल्या.

“इतक्यांना साखर आहे? मला कुणी सांगितलं कसं नाही?”

“माझ्या डब्यानं सांगितलं होतं, बू हाजी,” मुजियाती म्हणाली. “तुम्ही ते मांजरांना घातलंत.”

चटईवरचे हात थांबले. बू हाजींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, ईदला मी माफी मागितली होती, तू दिलीही होतीस.

“सणाची माफी सणाला दिली. आता बसा.”

त्या बसल्या. मुजियातीनं चप्पल काढली, डावा पाय उचलला आणि सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला. पाय दुसऱ्याच्या अंगावर ठेवणं हा आमच्याकडे केवढा अपमान! पाक पार्जान यांनी डोळे मिटले, पण अडवलं नाही.

“मोजा.”

“मुजी, सगळ्यांसमोर—”

“गेल्या वर्षीही सगळ्यांसमोरच होतं. मोजा.”

बू हाजींनी मोजलं. एक. दोन. तीन. चार. चौथ्यानंतर त्यांचं बोट त्या शिवलेल्या जागेवर थांबलं आणि तिथून त्यांना ते उचलता येईना. त्या रडत होत्या, ठरलेले शब्द त्यांना आठवत नव्हते. मुजियातीनं पाय मागे घेतला, ताटलीत अंडं, टेम्पे आणि भाजी वाढली आणि पुढे ठेवली. “खा,” ती म्हणाली. “हे टाकलं होतंत तुम्ही. चव तरी बघा.” त्यांनी शेवटच्या शेंगेपर्यंत खाल्लं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? वर्षभराची माझी जळजळ त्या सकाळी थांबली. आता बसच्या न्याहारीत अंडी असतात, बिनसाखरेचा चहा असतो, आणि ते बू हाजी स्वतः बघतात. तरी मी त्यांना माफ केलेलं नाही. मुजियातीनं केलं की नाही, ते तिनं मला सांगितलेलं नाही.

मित्रांनो, कुणी आपला डबा घेऊन प्रवासाला आलं असेल, तर तो हिसकावू नका, त्याला हसू नका, आणि प्रेमाच्या नावाखाली त्यात आपलं काही कोंबू नका. त्यात काय आहे आणि का आहे, हे आधी विचारा. आणि तुमच्यापैकी ज्यांना माझ्या मालकिणीसारखी भीड पडते, त्यांना एकच विनंती. ‘नको’ हा शब्द तिनं एक बोट देऊन शिकला. तुम्ही तो दहाही शाबूत असताना शिका.