पंचवीस मिनिटांवरची मावशी

ऐका ना, आधीच सांगते, मावशी आता छान आहे, तेव्हा तोंडं पाडू नका.

ही आईची सख्खी थोरली बहीण, डोंगरापलीकडच्या गावात राहते. रस्त्याने जायचं तर वळसा घालून आठ तास, आणि वळणं अशी की तिसऱ्या वळणाला आई पिशवीत तोंड घालते. गेल्या खेपेला तर अर्ध्या वाटेत तिला सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून सहा वर्षं दोघी फक्त फोनवर.

आणि मागच्या महिन्यात कळलं, मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन, तिथल्याच हॉस्पिटलात, दुसऱ्या दिवशी दुपारी आत नेणार. आईचं एकच, त्याआधी तिचा हात हातात घ्यायचाय. म्हटलं, ते नवीन छोटं विमान आहे ना, नऊ सीटचं. सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. पंचवीस मिनिटं! मला वाटलं साइटवर चुकून छापलंय.

विमानतळ म्हणजे काय, दोन खोल्या आणि एक वजनकाटा. त्यावर बॅगाच नाही, माणसंही चढवतात, बरं का. आई आकडा बघून म्हणते, काटा बिघडलाय. तिथला माणूस म्हणाला, सकाळपासून सगळ्यांचाच बिघडलाय, काकू. मग वजन बघून कोणी कुठे बसायचं ते ठरतं.

बसलो, पट्टे लावले. तेवढ्यात पायलटबाई मागे वळून म्हणाल्या, पलीकडे वारा वाढलाय. उतरता नाही आलं तर परत यायला पुरेल एवढं जादा इंधन घ्यावं लागणार, म्हणजे एक माणूस कमी. आमची तिकिटं सगळ्यात शेवटी काढलेली, त्यामुळे आमच्यापैकीच एक.

आता माझी आई कोण, तर बँकेत जायचं म्हटलं तरी मला सोबत नेते. मी म्हटलं, चल, दोघी उतरू. तिचे ओठ पांढरेफटक. माझ्याकडे बघितलंही नाही.

"तू उतर," म्हणाली. "मी जाते."

मी तारेच्या कुंपणाला नाक लावून उभी. ते एवढंसं विमान वाऱ्यात डुगडुगतंय आणि त्यात माझी आई. बघता बघता टोळाएवढं झालं, माथ्यावर पोचलं आणि पलीकडे गेलंसुद्धा. सहा वर्षं दोघींना अडवणारा तो डोंगर नुसता बघत बसला.

मग धावतपळत बस पकडली. पाचवं का सहावं वळण, आणि आईचा फोन. ती मावशीच्या खाटेशी!

विचारलं, घाबरलीस का?

"अगं, दोनदा आवंढा गिळला तेवढ्यात डोंगर संपला. वरून तर चुरगळलेल्या चादरीसारखा दिसतो. एवढ्याशासाठी आम्ही थांबलो होतो?"

मागून मावशी म्हणत होती, केस किती पांढरे करून घेतलेस. आई म्हणे, तुझे तर राहिलेच नाहीत. दोघी हसायला लागल्या, का रडायला, कोण जाणे, आणि फोन चालू आहे हे विसरूनच गेल्या. मीही ठेवला नाही. थोड्या वेळाने मावशीला न्यायला आले, खाटेची चाकं वाजायला लागली, आणि त्यांच्या सोबतीने आईच्या चपला, दारापर्यंत. मी कान लावून ऐकत होते. आमची बस अजून चढतच होती.