कामापुरती बहिरी

"जात्यावर ऐकू येतं अन् चुलीपाशी येत न्हाई. माझी सून कामापुरती बहिरी हाये," चतुराबाई नरसीत गावात भेटेल त्याला सांगायची.

दिसायला ते तसंच होतं. पहाटे गोजरबाई आणि तिची जाऊ पेमा समोरासमोर बसून जातं ओढत. पेमाने ओवी अर्धी सोडली की दगडाच्या घरघरीतून गोजरबाई ती बरोबर उचले. मग उजाडे, घर शांत होई, आणि सासूने ओसरीवरून पाणी मागितलं तर हिची मान वळत नसे. लेक मंजुळा पोटात असताना हे सुरू झालं, बाळंतपणानंतर वाढलं. मंजुळा आता चालायला लागली होती.

दिवाळी सरल्यावर चुलतसासरे सटवाजी यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. लेकरू जन्मलं की त्याच्या उशाशी थाळी वाजवायची त्यांच्याकडे रीत होती; लेकरू दचकलं की कान शाबूत. गोजरबाईला त्यांनी पारावर चार माणसांसमोर पाठ करून बसवलं आणि मागून काशाची थाळी बडवली. ती वळली.

"झालं," सटवाजी समोर येऊन मोठ्याने म्हणाले. "सोंग हाये. कबूल कर, सासूचे पाय धर अन् नांद. न्हाई तर माहेर गाठ. पोरगी आमच्या घरची हाये, ती इथंच ऱ्हाईल."

"थाळी ऐकू येती. येत न्हाई असं मी कवा म्हणलं?" गोजरबाई म्हणाली. "जे केलं न्हाई ते कबूल कसं करू?"

"मग जाय."

"हिंगोलीच्या दवाखान्यात न्या मला. तिथली डॉक्टरीण सोंग म्हणली, तर मंजुळीला ठिवून मी पायी माहेरी जाते."

नवरा संतराम पाराच्या कडेला बसून काडीने माती उकरत होता. तो उकरतच राहिला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी निघाली, संतराम हाकत होता. वाट दगडांची, चाकं खडखडत होती. गोजरबाई मंजुळेला मांडीवर घेऊन पुढे बसली होती. मागे चतुराबाई दिराशी, सटवाजींशी, बोलत होती. सेनगावची एक पोरगी संतरामसाठी पाहून ठेवली होती, हातापायाने धड होती, आणि कानानेही.

"जात्यावर बसायला लई चांगली असंल," गोजरबाई मागे न वळता म्हणाली.

चतुराबाईने दिराच्या मांडीवर थाप मारली. "पाह्यलं? आता कसं ऐकू आलं?"

दवाखान्यात डॉ. शहनाज होत्या. हैदराबादला शिकून आलेल्या, बोलणं मराठी पण वळण दख्खनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोजरबाईला डोळे मिटायला सांगितलं. तिचा एक कान बोटाने बंद केला, हातभर मागे उभ्या राहून दुसऱ्या कानाशी कुजबुजत गावांची नावं घेतली. औंढा. शिरड. सेनगाव. गोजरबाई गप्प. मग कान बदलून तपासलं, तेच. त्यांनी नेहमीच्या आवाजात एक नाव घेतलं, तेव्हा ती अडखळत म्हणाली, "काईतरी बोलल्या." घड्याळ कानाजवळ नेलं. त्याची टिकटिक तिला कळली नाही.

"गप बसणं काय अवघड हाये?" चतुराबाई म्हणाली.

"बराबर," डॉक्टरीण म्हणाली. "म्हणून आता ही दुसरी परीक्षा."

त्यांनी पेटीतून नादकाटा काढला. दोन बोटांचा पोलादी चिमटा, खाली दांडी. तो तळहातावर आपटून त्याची दांडी गोजरबाईच्या कानामागच्या हाडाला टेकवली.

गोजरबाईचा चेहरा बदलला. "वाजून राहिलं. साफ."

"थांबलं की सांग," डॉक्टरीण आवाज चढवून म्हणाली.

बऱ्याच वेळाने तिने हात वर केला. काटा लगेच कानासमोर धरला. "आता?"

"न्हाई."

तो पुन्हा हाडाला लावला, पण या खेपेला न वाजवताच. "आता?"

"काईच न्हाई."

"ह्यांना लावा आता," गोजरबाई सासूकडे बोट करून म्हणाली. "माझी झाली, त्यांचीबी होऊ द्या."

चतुराबाई कुरकुरत स्टुलावर बसली. हाडावरचा नाद तिला थांबल्यासारखा वाटला, तेव्हा काटा कानासमोर नेला. "अजून वाजतंय की," ती म्हणाली.

"चांगला कान हवेतून जास्त ऐकतो," डॉ. शहनाज म्हणाल्या. "हिचा हाडातून ऐकतो. म्हणजे आतली नस ठीक आहे, वाट अडली आहे. कानात तीन बारकी हाडं असतात, त्यांतलं एक धरून बसलं असावं. बाळंतपणात असं वाढतं. सोंग करणारीला कुठल्या जागी हो म्हणायचं, ते कसं कळणार? आणि थाळी तर ठार बहिरा सोडून सगळेच ऐकतात."

"मग जात्यावर काहून ऐकती? गाडीत काहून ऐकली?" सटवाजींनी विचारलं.

"चला."

दवाखान्याच्या मागे कापसाचं जिनिंग होतं. सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या खडखडाटात डॉक्टरीण दोघींच्या मध्ये उभी राहिली आणि चढवलेल्या आवाजात काही बोलली. चतुराबाईने कानाला हात लावला. "काय म्हणल्या?"

"कापूस यंदा पिवळा पडला, म्हणल्या," गोजरबाईने सांगितलं.

पुन्हा एकदा. पुन्हा चतुराबाई "काय? काय?" करत राहिली.

"आता सोंग कोन करतंय, आत्याबाई?"

बाहेर आल्यावर डॉ. शहनाजनी समजावलं. गलक्यात माणसं आपोआप मोठ्याने बोलतात. गलका चांगल्या कानाला झाकतो. अडलेल्या कानात तो तितका पोचतच नाही, चढलेला आवाज मात्र पोचतो. औषध नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. पुढच्या बाळंतपणात ऐकू येणं आणखी कमी होईल, हेही.

गाडी परतली. नरसीत शिरल्यावर सटवाजी म्हणाले, "झालं गेलं. उतर अन् घरात जाय."

गोजरबाई उतरली ती पाराकडे गेली. मंजुळेला कडेवर घेऊन मधोमध उभी राहिली. संध्याकाळची माणसं जमलीच होती.

"सोंगाडी म्हणलं ते इथं म्हणलं," ती म्हणाली. "न्हाई म्हणायचं तेबी इथंच. त्याबिगर मी उंबरा वलांडत न्हाई, अन् पोरगी माझ्यासंगं हाये."

सटवाजींनी पुतण्याकडे पाहिलं. चतुराबाईने पदर सारखा केला. संतराम पुढे आला, जमिनीकडे पाहत पुटपुटला.

"ऐकू आलं न्हाई."

यात खोटं काहीच नव्हतं. कोणीतरी हसलं. संतरामने मान वर केली. "गोजर सोंग करत न्हाई," तो म्हणाला. "आमची चूक झाली."

हे तिला ऐकू आलं. प्रत्येक शब्द आला. तिने मंजुळेला दुसऱ्या कडेवर घेतलं, नवऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा सोंग केलं.

"ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "मोठ्यानं बोला."