माझ्या पायातली खुंटी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. ट्रायपॉड म्हणजे कॅमेऱ्याखालचे तीन पायांचे स्टँड. ही ओळखसुद्धा माझी मलाच करून द्यावी लागते. कॅमेऱ्याला कधी कोणी विचारले आहे का, तू कोण म्हणून?

एका सुताराने मला सागवानातून घडवले. प्रत्येक पायात दोन फळ्या, त्यांच्यामधून खालीवर सरकणारी एक पट्टी आणि ती पट्टी आवळून धरणारा लोखंडी स्क्रू. मला फोटोवाल्या ताईंच्या हवाली करताना त्याने एकच गोष्ट सांगितली होती. "समुद्रावरून आलात की गोड्या पाण्यानं धुऊन पुसत जा. लाकूड टिकेल, पण खारं पाणी स्क्रू खाऊन टाकेल." ताईंनी मान डोलावली. मान डोलावणे आणि ऐकणे यांत किती अंतर असते, ते मला पुढे कळले.

ताईंचे काम संध्याकाळचे. सूर्य पाण्याला टेकायला आला की त्या माणसांना उजेडाच्या आड उभे करत आणि त्यांच्या काळ्या आकृती टिपत. चेहरा नाही, कपड्यांचे रंग नाहीत, नुसती कड. त्यासाठी कॅमेरा गुडघ्याएवढा खाली ठेवावा लागतो, नाहीतर माणसांची डोकी आकाशात न येता काळ्या पाण्यात बुडून जातात. म्हणजे मी ओल्या वाळूत फतकल मारून बसायचे, लाटांनी माझ्या सांध्यांत रेती भरायची आणि सावकाश फोटो निघेपर्यंत मी श्वास रोखून धरायचा. वीस वर्षे मी तसूभर हललो नाही. लोक फोटो बघून काय म्हणत? "कॅमेरा भारी आहे हो तुमचा."

ताईंना एक खोड होती. आकृतीची कड त्यांना स्वच्छ लागे. कानामागे उडालेला केस, काळ्या भागात आलेला एखादा पांढरा ठिपका, काही म्हणून त्यांना खपत नसे. पूर्वी बारीक ब्रशने आणि नंतर कॉम्प्युटरवर त्या ते सगळे बुजवून टाकत. "काळं म्हणजे काळं," असे त्या म्हणत. ही खोड लक्षात ठेवा, कारण माझ्या रागाचे मूळ तिथे आहे.

एके दिवशी स्टुडिओत नावाडीकाका आले. चाळीस वर्षे त्यांनी आपल्या होडीतून माणसांना खाडीपलीकडे पोचवले होते. आता खाडीवर पूल झाला होता. होडी दुसऱ्या दिवशी सकाळी फोडायची होती आणि काका मुलीकडे राहायला जाणार होते. तिच्या गावाला समुद्र नव्हता.

"माझा आणि होडीचा एक फोटो पाहिजे," ते म्हणाले. "माझं तोंड नाही दिसलं तरी चालेल. ती नीट दिसू दे."

संध्याकाळी होडी वाळूवर आडवी ओढून ठेवली होती. काका मागच्या टोकाशी, सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. सूर्य टेकला, ताईंनी बटण दाबले आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या पायाचा स्क्रू कट्कन तुटला. पट्टी आत सरकली आणि मी कॅमेऱ्यासकट कलंडलो.

"ऐन वेळी दगा दिला मेल्यानं," ताई म्हणाल्या.

दगा? मित्रांनो, दोन वर्षे तो स्क्रू गंजत होता. दोन वर्षे मी करकरत होतो, आणि ताई म्हणत, याचं आता वय झालं. एक फडके मागत होतो मी, दुसरे काही नाही.

काका जवळ आले. त्यांनी स्क्रूचा तुकडा उचलून बोटाने चोळला. गंज हाताला लागला.

"ताई, हे कधी धुतलं होतं?"

ताई कॅमेऱ्यावरची वाळू झटकू लागल्या.

"मी रोज संध्याकाळी होडीवर गोड्या पाण्याची बादली ओतायचो. दमलेलो असलो तरी. आणि हा तुमच्यासाठी खाऱ्या पाण्यात बसतो, त्याला साधं पुसायला नको?"

वीस वर्षांत माझी बाजू घेऊन बोललेला हा पहिला माणूस. मला भरून आले.

पण सूर्य कोणासाठी थांबतो? तो अर्धा बुडाला होता. काका होडीकडे परत गेले. सुकाणूचा दांडा जिच्यावर बसवलेला होता ती अंगठ्याएवढी, टोकाला निमुळती लाकडी खुंटी त्यांनी ओढून काढली आणि दगडाने माझ्या पायातल्या फळ्यांमध्ये ठोकून बसवली. पाय पक्का झाला.

"तिला उद्या फोडणारच आहेत," ते म्हणाले. "ही तरी कामाला येऊ दे."

सैल झालेला दांडा हाताने सावरून ते पुन्हा उभे राहिले. खुंटी काढली तिथे आता आरपार भोक पडले होते आणि त्यातून मावळतीचा उजेड येत होता. एवढ्या मोठ्या काळ्या होडीत ज्वारीच्या दाण्याएवढा तो ठिपका. फोटो निघाला. सकाळी होडी फोडली आणि काका गेले.

तो फोटो गाजला. ताईंना हार मिळाले, कॅमेऱ्याला मखमलीची पेटी मिळाली. मला काय मिळाले? जिन्याखालची जागा, तळ गेलेल्या बादल्यांच्या मागे, कारण नवा हलका ट्रायपॉड आला होता. तिथून मला कॉम्प्युटरचा पडदा दिसत असे. प्रदर्शनासाठी फोटो मोठा करताना ताईंना तो ठिपका दिसला. "धूळ," असे पुटपुटत त्यांनी तो बुजवून टाकला. मला ओरडता आले असते तर मी जिना डोक्यावर घेतला असता.

प्रदर्शन स्टुडिओतच होते. काका मुलीच्या गावाहून खास आले. स्वतःकडे त्यांनी पाहिलेच नाही. ते सुकाणूपाशी वाकून पाहत राहिले.

"ताई, भोक कुठं गेलं?"

"कसलं भोक, काका?"

"खुंटीचं. मी काढून दिली नव्हती का?"

ताईंचा चेहरा पडला. "मला धूळ वाटली. मीच बुजवली."

"धूळ," काका म्हणाले. "माझ्या होडीनं जाता जाता तुमचा फोटो सावरला, आणि त्याची खूणच पुसलीत तुम्ही. खुंटी तरी ठेवलीत का?"

ताई जिन्याकडे गेल्या. बादल्या बाजूला सारून त्यांनी मला बाहेर ओढले. खुंटी पायात होती. "काढून देते," त्या म्हणाल्या. "तुमचीच आहे." काकांनी खुंटीवर हात ठेवला. माझा पाय गेला तरी चालेल, हे मी मनाशी ठरवून टाकले. ज्याची वस्तू त्याला मिळायला हवी होती.

"नको," काका म्हणाले. "बादली आणा. गोडं पाणी आणा."

मग इस्त्रीच्या कपड्यांतल्या पाहुण्यांच्या मधोमध ते उकिडवे बसले आणि त्यांनी माझ्या सांध्यांतली रेती बोटाने काढून काढून मला धुतले. "लाकडाची खुंटी आहे," ते ताईंना म्हणाले. "भिजली की फुगते. धूत राहाल तेवढी घट्ट बसेल."

आता भिंतीवर नवा फोटो आहे, ठिपक्यासकट. अजूनही कोणी काचेवरची धूळ समजून तो बोटाने पुसायला जाते, तेव्हा ताई त्याला माझ्यापाशी आणून खुंटी दाखवतात. नवा हलका ट्रायपॉड वाऱ्याने हलतो म्हणून किनाऱ्यावर पुन्हा मीच जातो.

मित्रांनो, जो खाली बसून तुमचा भार धरतो त्याला काम झाल्यावर बादलीभर पाणी द्या. आणि काळ्यात कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर बुजवण्याआधी कोणाला तरी विचारा. माझा राग अजून पुरता गेलेला नाही. ताई एखाद्या संध्याकाळी मला धुवायला विसरल्या, तर दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थोडा कलतो. वीस वर्षे मी हललो नव्हतो, आता हलतो. मग समुद्र फोटोत तिरका येतो आणि ताई मुकाट्याने बादली भरायला जातात.