डॉनकडे टाकलेला शब्द

आमचा नवा फुटबॉल कोच एकही मॅच न खेळता चार वेळा पेपरात आला, आणि चारही वेळा मी त्याच्या बाजूने भांडलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव यायला नको.

मी डॉक्टर मोरेश्वर. हाडांचा सर्जन, आता रिटायर्ड. शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. तासाभरावर प्रेअरी व्हॅली विद्यापीठ आहे आणि त्याच्या टीमची सीझन तिकिटं एकतीस वर्षं माझ्याकडे आहेत. हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा. मी डॉक्टरकीच्या पुढच्या ट्रेनिंगला, रेसिडेन्सीला, अमेरिकेत आलो तेव्हा सोमवारी सकाळी वॉर्डात दुसरा विषयच नसायचा. गप्पांत घुसता यावं म्हणून शिकलो आणि कायमचा अडकलो. गेली अकरा वर्षं आमची टीम नेमाने हरते आहे. अकरा वर्षं थंडीत कुडकुडत हार बघितलेल्या माणसाला कोच सज्जन आहे की नाही हा प्रश्न पडत नाही. जिंकून दे म्हणजे झालं.

कोच टॅल्बर्ट जानेवारीत आला. आल्या आल्या त्याने नऊ जुन्या खेळाडूंची स्कॉलरशिप काढून घेतली, तीही रविवारी सकाळी फोनवर मेसेज टाकून. मार्चमध्ये मेहुण्याला नोकरीला लावलं. मे महिन्यात हायवेवर ताशी अठ्ठ्याण्णव मैलांनी पकडला गेला आणि उलट पोलिसालाच म्हणाला, तू माझा वेळ खातोयस. जुलैत मात्र ती तक्रार आली. सरावात एका पोराच्या डोक्याला जोरात मार बसला असताना त्याला दुसऱ्याच दिवशी मैदानात उतरवलं, आणि मार किती जोराचा ते मोजणाऱ्या हेल्मेटमधल्या सेन्सरचे आकडे बदलायला लॅबवर दबाव आणला, अशी. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त होतं.

आमचा ‘शनिवार मंडळी’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप आहे. मॅचच्या आधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये तंबू ठोकून मिसळ खाणारी बारा मराठी घरं. त्यात उभे दोन तट पडले. कुमार कोचच्या बाजूचा, त्याची बायको रेखा विरुद्ध बाजूची, आणि दोघं एकाच सोफ्यावर बसून एकमेकांना टाइप करत होती.

“नऊ पोरांना मेसेजवर काढलं. घरकामाच्या बाईलासुद्धा कुणी असं काढत नाही,” रेखाने लिहिलं.

“हा बिझनेस आहे. परफॉर्म करा नाहीतर निघा,” कुमार.

“आणि डोक्याला मार बसलेलं ते पोर? तोही बिझनेस का?”

“कम ऑन यार, एका अ‍ॅनॉनिमस माणसाच्या सांगण्यावरून कोचचं करिअर संपवायचं? हिंमत असेल तर नाव सांगा म्हणावं.”

मी त्याच्या मेसेजला अंगठ्याचं लाइक दिलं. शिवाय लिहिलं, ‘निनावी पत्राला आमच्याकडे केराची टोपली दाखवत.’ उंटावरून शेळ्या हाकण्यात आमचा हात कुणी धरू शकत नाही.

त्याच ग्रूपमध्ये चैत्राली होती. तिनेही ते वाचलं.

चैत्राली सांगलीची. तिथे इंजिनिअरिंग करून इथे पीएचडीला आली, आणि विषय काय, तर हेच, हेल्मेटमधले सेन्सर. दोन वर्षांपूर्वी तिची गादी आणि टेबल माझ्याच व्हॅनमधून तिच्या खोलीवर गेलं. तेव्हापासून रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. तिला घेऊन यायचा सिद्धेश, तिच्याच लॅबमधला नागपूरचा मुलगा, आपल्या खडखडणाऱ्या गाडीतून. त्या दोघांत काय आहे हे माझ्या बायकोला, वीणाला, पहिल्या महिन्यात कळलं होतं. मला दुसऱ्या वर्षी.

ग्रूपवर ते लिहिल्यानंतरच्या रविवारी सिद्धेश आला नव्हता. वरण-भातावर तूप वाढून घेताना चैत्राली म्हणाली, “काका, ती निनावी मीच आहे.”

माझा घास हातात राहिला.

“त्या मुलाचे आकडे मी बघितले होते. मला वरून सांगितलं, फाइल ‘क्लीन अप’ कर. मी नाही केली. मग विद्यापीठाच्या गोपनीय हॉटलाइनवर कंप्लेंट टाकली. हे फक्त सिद्धेशला माहीत आहे आणि आता तुम्हा दोघांना. कुणाला सांगू नका. नाव फुटलं तर मला लॅबमधून काढतील, असिस्टंटशिप गेली तर फी नाही, फी नाही तर व्हिसा नाही.”

“अगं, मग मी ग्रूपवर ते जे लिहिलं...”

“तुम्हाला कुठे माहीत होतं, काका?” असं म्हणून तिने मलाच समजावलं. मला लाज वाटली. मी तिला शब्द दिला की हे या टेबलाबाहेर जाणार नाही.

आणि दोन दिवसांनी मी डॉन हॅलरला जेवायला बोलावलं.

डॉन विद्यापीठाच्या क्रीडा विभागातला दोन नंबरचा माणूस. त्याच्या खुब्याचा सांधा मी बदललाय. माझी तिकिटं वरच्या रांगेतून खाली मैदानाच्या बरोबर मध्ये, पन्नास यार्डांच्या रेषेसमोर आली, ती त्याच्यामुळे. आता हे समजून घ्यायला माझे वडील माहीत हवेत. साताऱ्याला मास्तर होते. आयुष्यात कुणाला लाच दिली नाही की कुणाची घेतली नाही. पण शब्द टाकायचे. दवाखान्यात खाट मिळत नाही, त्या डॉक्टरांकडे शब्द टाक. पोराला अ‍ॅडमिशन नाही, प्रिन्सिपॉलकडे शब्द टाक. योग्य माणसाच्या कानावर घातलं की काम होतं आणि कुणाचं वाईट होत नाही, हे मी त्यांच्या मांडीवर बसून शिकलो. गोपनीय हॉटलाइन, चौकशी समिती वगैरे ठीक आहे. पण पोरीच्या पाठीशी कुणीतरी मोठा माणूस नको का?

म्हणून सॅलड संपल्यावर मी डॉनला म्हणालो, “ती तक्रार जिने केलीय ना, ती फार चांगली मुलगी आहे. मला मुलीसारखी आहे. रविवारी माझ्या टेबलावर जेवते. तिला कुणी त्रास देणार नाही एवढं बघ.”

डॉनने काटा खाली ठेवला. “अर्थात, डॉक,” तो म्हणाला. मग वीणाची चौकशी केली आणि चीजकेक मागवला.

मी नाव घेतलं नव्हतं! घरी येताना गाडीत मी स्वतःवर इतका खूश होतो की शिट्टी वाजवत होतो. वीणाला मात्र काही बोललो नाही. आता वाटतं, खरंच चांगलं काम करून आलो असतो तर जिना चढायच्या आधी तिला सांगितलं असतं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी चैत्राली बस आणि ट्रेन बदलत एकटीच आली. चेहरा उतरलेला. तिचं कार्ड लॅबच्या दाराला चालेना. ‘डेटा सुरक्षेच्या कारणास्तव’ तिला प्रोजेक्टवरून हलवलं होतं आणि असिस्टंटशिप डिसेंबरनंतर नाही असं पत्र आलं होतं. फॅन लोकांच्या वेबसाइटवर कुणीतरी लिहिलं होतं की तक्रार एका परदेशी विद्यार्थिनीची आहे. त्याखाली चारशे लोकांनी आपापली अक्कल पाजळली होती. परत पाठवा तिला, हा त्यातल्या त्यात सभ्य सल्ला.

“सिद्धेशने सांगितलं,” ती म्हणाली. “दुसरं कोण असणार? त्याला म्हटलं, परत माझ्याशी बोलू नकोस. शपथा घेत होता, काका. रडला पण.”

“अगं, सिद्धेश कशाला सांगेल?” वीणा म्हणाली.

“मग कोणी सांगितलं, काकू? तुम्ही की काकांनी?” असं म्हणून ती स्वतःच हसली. इतकं ते तिला अशक्य वाटत होतं.

गेल्या नोव्हेंबरच्या मॅचला मी तिला माझ्या शेजारी बसवलं होतं. मध्यंतरात डॉन हात मिळवायला आला, तेव्हा मीच छाती फुगवून म्हणालो होतो, ही आमची चैत्राली, तुमच्या हेल्मेट लॅबमध्ये असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि मी काय केलं? मी तिला आमटी वाढली. एरवी माझं तोंड बंद करायला वीणाला टेबलाखालून लाथ मारावी लागते.

तो आठवडा मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. गॅरेज आवरायला घेतलं, अर्धं टाकलं. तीनदा फोन हातात घेऊन चैत्रालीचा नंबर काढला आणि हवामान बघून ठेवून दिला. मला मुलीची काळजी होती हे खरं. पण तिने माझ्याकडे बघायचं बंद केलं तर, याची भीती त्याहून जास्त होती. हेही खरंच.

शनिवारी सीझनची पहिली मॅच. अकराच्या उन्हात पार्किंगमध्ये आमचा तंबू लागला. रेखाने मिसळीचं पातेलं शेगडीवर चढवलं होतं, आजूबाजूला हजारभर गाड्या, जांभळे शर्ट, बँडची तालीम. चैत्राली आली. “नाही आले तर लोक म्हणतील मीच ती,” असं तिने वीणाच्या कानात सांगितलं. सिद्धेशही आला होता; तंबूच्या दुसऱ्या टोकाला बर्फाच्या पेटीवर बसून होता. दोघांच्या मध्ये आम्ही सगळे भांडत होतो.

“मी तुम्हाला सांगतो,” कुमार पावाचा तुकडा नाचवत म्हणाला, “ही लॅबमधलीच कुणीतरी असणार. व्हिसावर आलाय ना, मग खाली मान घालून डिग्री घ्या आणि जा. दुसऱ्याच्या घरात येऊन खोड्या कशाला?”

“तू कुठे जन्मलास रे? शिकागोत?” रेखाने विचारलं.

“ते वेगळं.”

“काय वेगळं? ते पोर मेलं असतं म्हणजे? आठ वर्षांचा आपला अनय हेल्मेट घालून तेच खेळतोय. उद्या त्याच्या डोक्याचे आकडे कुणी बदलले तर तू परफॉर्म कर म्हणशील?”

कुमारने पावाचा तुकडा ताटलीत ठेवला. मग चैत्रालीकडे वळला. “तू त्याच बिल्डिंगमध्ये असतेस ना? कोण आहे गं ती?”

“नो आयडिया,” चैत्राली म्हणाली आणि फरसाणाचा डबा उघडायला लागली. तो उघडेना. “मोरूकाका, तुम्ही बोला ना,” कुमार म्हणाला. “तुम्ही तर निनावीवाल्यांच्या विरुद्ध आहात.”

“मला घाम आलाय,” असं काहीतरी पुटपुटून मी गाड्यांमध्ये निघालो.

मागून सिद्धेश आला. सहा दिवसांत वाळला होता. हातात पाण्याची बाटली. “काका, घ्या. ऊन लागेल.” मग खाली बघत म्हणाला, “काका, मी नाही सांगितलं. तिला पटत नाहीये. तुमचं ती ऐकते. माझ्यासाठी तिच्याकडे एक शब्द टाका ना.”

मी भर पार्किंगमध्ये एका गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. बॉनेट तापलेलं होतं, चटका बसला, तरी हात काढावासा वाटला नाही.

“चैत्रालीला बोलाव,” मी म्हणालो. “इथे. माझ्या व्हॅनच्या मागे. बाकी कुणाला नको.”

ती आली, हाताची घडी घालून, सिद्धेशपासून चार फुटांवर. मी सांगितलं. डॉन, जेवण, मुलीसारखी, रविवारचं टेबल, सगळं. “मी तुझं नाव घेतलं नव्हतं,” हेही सांगितलं, आणि सांगताना ते किती भिकार वाटतंय हे ऐकलं.

चैत्राली सिद्धेशकडे बघत राहिली, मग त्याच्या बाहीला नुसता हात लावला. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“त्याने उलट काही विचारलं?” तिने विचारलं.

इथे मला कबूल करायला हवं की वर जेवणाची हकिकत लिहिताना मी दोन वाक्यं गाळली. अजूनही सुटत नाही बघा ही खोड. काटा खाली ठेवल्यावर डॉनने विचारलं होतं, “नोव्हेंबरमध्ये तुझ्या शेजारी बसलेली?” आणि मी हसून म्हणालो होतो, “हे बघ, मी काही नाव घेतलेलं नाही.”

मी तिला हे सांगितलं. तिचे डोळे भरून आले, ते तिने मनगटाने पुसले, आणि पाठीवरच्या बॅगेतून वही-पेन काढलं.

“लिहा. तारीख, वेळ, रेस्टॉरंटचं नाव. त्याने काय विचारलं, तुम्ही काय म्हणालात, शब्दशः. तक्रार कोणाची हे शोधायची त्याला परवानगी नव्हती. मला काढलं ते त्यानंतर. हे दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाहीये.”

स्टेडियमकडे लोंढा निघाला होता. एकतीस वर्षांत मी पहिली किक कधी चुकवली नव्हती. व्हॅनच्या मागच्या फळीवर वही ठेवून मी लिहिलं. सर्जनचं अक्षर, म्हणून तिने दोन ठिकाणी पुन्हा लिहायला लावलं. आतून पहिली आरोळी उठली तेव्हा मी सही करत होतो.

“समितीपुढे हे बोलाल? डॉन समोर असेल.”

“बोलेन.”

“तुमची तिकिटं जातील.”

“जाऊ देत.”

तिने सही तपासली, पान फाडून घडी घातली, वही बॅगेत टाकली.

“मग सोमवारी नऊ वाजता,” ती म्हणाली. “सिद्धेश तुम्हाला घ्यायला येईल, डॉक्टर.”

दोन वर्षांत ती मला कधी डॉक्टर म्हणाली नव्हती.