चार नंबरची विहीर

"विहिरीवर कुत्रं आहे! विहिरीवर कुत्रं!" मामंजी वॉकीटॉकीवर दोनदा ओरडले, आणि टॉवरमधला नवा साहेब म्हणाला, "असू दे."

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. बदली होऊन चारच दिवस झाले होते. विहिरीवर कुत्रं म्हटल्यावर कुणालाही वाटणार, असेल गावात कुठंतरी, पाणी पीत असेल बिचारं. त्यानं विमानाला उतरायची परवानगी दिली. चाकं टेकणार एवढ्यात पायलटला धावपट्टीच्या मधोमध पिवळं कुत्रं बसलेलं दिसलं, आणि त्यानं विमान तसंच पुन्हा वर उचललं. मी तेव्हा प्रवाशांच्या हॉलमध्ये फरशी पुसत होते. काचा अशा थरथरल्या की हातातला मॉप गळाला. कुणाला काही झालं नाही. कुत्रं तर जागचं हललंसुद्धा नाही म्हणे.

आमच्या विमानतळावर विहीर आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक. दिसत नाही, एवढंच. ती धावपट्टीच्या खाली आहे. बत्तीस वर्षांपूर्वी पट्टी झाली तेव्हा आमचं सगळं रान तिच्यात गेलं, आणि माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, त्याच रानावर पाखरं हाकायचं काम मिळालं. सुरुवातीला नुसती खडी होती. महिन्यातून एखादं विमान यायचं, बाकीचे दिवस शेळ्यांचे. मग डांबर पडलं, टॉवर उभा राहिला, आगीचा बंब आला, रोज सकाळी एक विमान यायला लागलं. मधे तीन वर्षं तेही बंद पडलं होतं. तेव्हासुद्धा मामंजी पट्टी चालून यायचे. "कुणासाठी चालता?" म्हटलं तर म्हणायचे, "रानात रोज एक चक्कर नको का?"

विमान यायच्या आधी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची, दगड, पाखरू, जनावर दिसलं की टॉवरला कळवायचं, हे त्यांचं काम. कडेला एक ते नऊ आकड्यांच्या पाट्या आहेत. कुठं काय ते आकड्यानं सांगायचं. मामंजींनी आकडा कधी तोंडातून काढला नाही, जुन्या रानातल्या जागाच सांगायचे. "वांग्यात टिटवीनं अंडी घातलीत." "चिंचेखाली खिळा सापडला." "म्हशीच्या डबक्यात पाणी साचलंय, जरा जपून." आधीचे साहेब वीस वर्षं इथंच मुरलेले, त्यांना सगळं पाठ. एकदा तर पायलटलाच म्हणाले होते, वांग्यातनं सांभाळून घ्या. ते रिटायर झाले आणि पाठ झालेलं सोबत घेऊन गेले.

रोजच्या तपासणीची वही मात्र मी लिहायची, कारण मामंजींना लिहिता येत नाही. ते सांगायचे विहीर, मी लिहायची चार नंबर. मला वाटायचं, मी त्यांना सांभाळून घेतेय.

चौकशीला वरून एक अधिकारी बाई आल्या. मीटिंगच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. टेबलाच्या एका बाजूला नवा साहेब, चेहरा उतरलेला. दुसऱ्या बाजूला मामंजी, धुतलेला सदरा घालून, पाहुण्यांकडे आल्यासारखे. मी दाराशी. बाईंनी वही चाळली.

"इथं तर सगळीकडे आकडेच आहेत. म्हणजे यांना आकडे येतात. मग ऐकण्यात चूक टॉवरची झाली?"

नव्या साहेबाची मान आणखी खाली गेली. मी गप्प राहिले असते तर मामंजी सुटले असते. पण त्या माणसाची नोकरी माझ्या अक्षरापायी जाणार, हे काही गिळवेना.

"बाई, अक्षर माझं आहे," मी म्हटलं. "ते आकडा म्हणत नाहीत. मी लिहिते."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बरं झालं एकदाचं, असं.

बाईंनी कपाळ चोळलं. पण बाई मनानं चांगल्या होत्या. भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या. "हे बघा आजोबा, ताकीद देऊन मिटवते मी. काम तुमचं तुमच्याकडे राहील. फक्त इथून पुढं आकडा म्हणायचा. आता म्हणून दाखवा. ही जागा कुठली?"

"विहीर."

"आकडा, आजोबा."

मी मागून हळूच म्हटलं, "मामंजी, चार म्हणा की. नुसतं तोंडानं म्हणायचं. पोटात काय ठेवायचं ते ठेवा."

"तू थांब गं." त्यांनी घसा साफ केला. "बाई, ती मी आणि माझ्या बायकोनं खणली. अकरा महिने. ती खाली माती भरायची, मी वरून ओढायचो. पाणी लागलं त्या दिवशी खालूनच ओरडली, अहो, पायाला गार लागतंय! पुढं पट्टीचं काम निघालं. मजूर हवे होते, मला घेतलं. पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला, ही बुजवा. पहिलं घमेलं मीच टाकलं. ती बांधावर उभी होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, विहीर बुजवलीत ती बुजवलीत, नाव तरी बुजवू नका. मी हो म्हणालो होतो. ती गेली. आता नाही कसं म्हणू? कुणाला म्हणू?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. म्हणाल्या, "मला लिहावं लागेल, आजोबा."

"लिहा की. तुमचं काय चुकतंय."

मामंजींनी गळ्यातला पास काढला. दोरी कानात अडकली, मीच सोडवली.

पट्टी बघायला माणूस तर लागणारच होता. आठवड्यानं मलाच विचारलं. पट्टी माहीत, आकडे माहीत, आणखी काय हवं? मी मामंजींसमोर जाऊन उभी राहिले.

"घे," ते म्हणाले. "परक्यानं चालण्यापेक्षा तू चाल."

पहिल्या सकाळी ते कुंपणाच्या तारेला धरून बाहेर उभे होते. मी चालत निघाले. चार नंबरच्या पाटीपाशी टिटव्यांचा थवा बसलेला, आणि लांब आभाळात विमानाचा ठिपका. वॉकीटॉकी तोंडाशी धरली तर जिभेवर विहीरच आली. वीस वर्षं तेच ऐकलेलं. ती गिळली.

"चार नंबर. पाखरं आहेत. विमान थांबवा."

"समजलं. थांबवतो," नवा साहेब लगेच म्हणाला.

मी फटाके लावून टिटव्या उठवल्या, पट्टी मोकळी झाल्याचं कळवलं. विमान एक घिरटी घालून अलगद उतरलं. मी कुंपणाशी गेले.

"काय म्हणालीस?" मामंजींनी विचारलं.

वाटलं, खोटं सांगावं. त्यांना काय ऐकू जाणार होतं एवढ्या लांबून?

"चार नंबर."

त्यांनी तारेवरचा हात काढला. "बरोबर बोललीस. विमानात माणसं असतात," म्हणाले, आणि घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी ते कुंपणाशी आले नाहीत. चक्कर मात्र चुकवत नाहीत. सकाळी निघतात आणि गावाच्या पलीकडच्या अंगाला जातात. तिकडून पट्टी दिसत नाही. तिकडं आमचं कधीच काही नव्हतं.