पंधरा नव्या आणि मी

मी एक जुनी स्प्रिंग आहे. पेनात असते तसली नाजूक नव्हे, मित्रांनो. मोटारीच्या इंजिनात व्हॉल्व्हवर बसते ती, जाड तारेची, मुठीत मावेल एवढी. आता माझे दोन तुकडे झाले आहेत आणि ते एका पत्र्याच्या डबीत पडून आहेत. माझी कहाणी ऐकून कुणाला बरं वाटेल असं तीत काही नाही. तरी सांगते, कारण ज्याने सांगायला हवं तो तोंड उघडत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादी तारेला वेटोळे घातले, भट्टीत तापवलं आणि मग बारीक गोळ्यांचा असा मारा केला की अंग कणखर आणि एकसारखं झालं. आम्हा स्प्रिंगांना वजन चालतं, उष्णता चालते, ओरखडा मात्र चालत नाही. तार नेमकी तिथूनच तुटते.

माझं कामही सांगून टाकते. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा फिरतो. त्याला जागोजागी उंचवटे असतात. उंचवटा आला की तो व्हॉल्व्हला खाली ढकलतो, म्हणजे इंजिनात हवा येण्याजाण्याचं दार उघडतो. ते दार ओढून पुन्हा लावायचं, हे माझं काम. मिनिटाला हजारो वेळा! जरा उशीर झाला तर खालून पिस्टन वर येतो आणि उघड्या दारावर आदळतो. मग काही शिल्लक राहत नाही.

आम्ही सोळा जणी होतो. आमची गाडी एका मिस्त्रीची, घरचीच. त्याची मुलगी लहानपणी मागच्या सीटवर उभी राहून बापाचे कान धरायची आणि "अजून जोरात, बाबा, अजून जोरात!" म्हणून ओरडायची. पाय म्हणून एका जागी ठरायचा नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पुढे तीच ही गाडी शर्यतीत पळवू लागली. बक्षिसं तिला मिळाली, कौतुक गाडीच्या लाल रंगाचं झालं. आमच्याकडे कोण बघतो? फक्त एकदा मिस्त्रीने इंजिन उघडलं तेव्हा मला अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाला, "ही बघ, अजून कशी ताठ आहे." खोटं कशाला बोलू, मी फुगले होते.

मग यंदा वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत आली. गाडी सरळ रस्त्यावर मागे पडते, असं भिंगरीचं म्हणणं. मिस्त्रीने नवा कॅमशाफ्ट आणला. त्याचे उंचवटे जास्त उंच, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त खोल उघडणार, इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत पळणार. आमची ताकद साडेसहा हजारांची. म्हणून सोबत सोळा नव्या, दणकट स्प्रिंगा आल्या. आम्हाला काढून भंगाराच्या खोक्यात टाकलं. वाईट वाटलं, पण रीत तीच आहे. कॅम बदलला की स्प्रिंगा बदलायच्या, आणि सगळ्या बदलायच्या. मिस्त्री स्वतःच हे शिकवायचा. आणखी एक सांगायचा, "स्प्रिंगला पक्कड लावणाऱ्याने माझ्या गॅरेजची पायरी चढू नये."

दुपारची वेळ होती. मिस्त्री एकटाच काम करत होता. पंधरा स्प्रिंगा बसल्या. सोळावी बसवताना त्याचा हात थरथरला.

हात वर्षभर थरथरत होता, मित्रांनो. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायचा आणि बायकोने विचारलं की "गार आहे ना हवा" म्हणायचा. उन्हाळ्यातसुद्धा! ज्या हातांच्या जोरावर चाळीस वर्षं नाव कमावलं, तेच दगा देताहेत हे त्याला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. सोळावी स्प्रिंग निसटली, आणि ती पडू नये म्हणून त्याने समोरची पक्कड उचलून तिला कचकन धरलं. सोडवून बघितली तर तारेवर लांब ओरखडा.

दुसरी मागवायची तर आठ दिवस. शर्यत परवावर. भिंगरीला सांगायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण म्हणजे हात. तो उठला आणि भंगाराच्या खोक्यातून त्याने मला काढलं. माझा जोर वाढावा म्हणून माझ्याखाली एक वॉशर सारला आणि मला त्या सोळाव्या जागी दाबून बसवलं. अरे बाबा, त्याने जोर वाढतो थोडाच, पण माझा तळ वर येतो आणि दबायला जागा उरत नाही! आता तो उंच कॅम मला दाबेल तेव्हा माझे वेटोळे एकमेकांवर टेकणार होते. हे त्याला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

शर्यतीच्या सकाळी भिंगरी हेल्मेट काखेत धरून उभी होती. मिस्त्री म्हणाला, "साडेसहाच्या वर नेऊ नकोस."

"साडेसहा? मग हा नवा कॅम काय शोभेला बसवलाय?"

"सांगतोय तेवढं ऐक."

"बाबा, काही गडबड आहे का? असेल तर आत्ता सांगा. मी नाही पळवत आज."

इतकं सरळ विचारलं तिने. मी झाकणाखालून जीव मुठीत धरून ऐकत होते. मिस्त्रीने खिशात हात घातले, कारण ते थरथरत होते, आणि तो म्हणाला, "गडबड कसली? नवं काम आहे, जपून चालव, एवढंच."

ती हसली. "घाबरट झालात हं म्हातारपणी," म्हणाली आणि गाडीत बसली.

शर्यतीच्या चार फेऱ्या तिने ऐकलं. खरंच ऐकलं. पाचवीत तिसऱ्या नंबरची गाडी अगदी पुढ्यात आली आणि तिने पाय दाबला. सात हजार. साडेसात. पंधरा नव्या जणी मजेत होत्या. माझे वेटोळे एकमेकांवर आपटत होते. मी ओरडले असते, पण स्प्रिंगचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? वळणाच्या तोंडाशी मी मधोमध तुटले. व्हॉल्व्ह सुटून खाली पडला, पिस्टनने त्याला चिरडलं, इंजिन जागच्या जागी आवळलं. मागची चाकं अडकली आणि गाडी गर्रकन फिरून तिच्याच बाजूने भिंतीवर गेली.

तिचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

इंजिनाच्या फेऱ्या मोजणाऱ्या घड्याळात सगळ्यात वरचा आकडा नोंदलेला होता, सात हजार आठशे. सगळ्यांनी तो बघितला आणि माना हलवल्या. पोरीने इंजिन ताणलं, बाप सांगत होता तरी ऐकलं नाही. नव्या स्प्रिंगा आठ हजारांना पुरून उरल्या असत्या हे एकालाच माहीत होतं. त्याने गॅरेजचं दार आतून लावून इंजिन उघडलं, माझे तुकडे वेचले आणि शर्टाच्या खिशात टाकले.

त्याच खिशातून मी दवाखान्यात गेले. आई खाटेपाशी बसून रडत होती आणि रागावतही होती. "काय गं बाई तुझं हे! बापाने घसा कोरडा करून सांगितलं होतं. आता तरी ऐकशील का?"

भिंगरी फार हळू बोलली. "बाबा, चुकलं माझं. तुमची एवढी मेहनत, तुमची गाडी... मला माफ करा."

माझ्यावर त्याचं काळीज धडधडत होतं. आता बोलेल, मला वाटलं. बोल रे, आत्ता बोल. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. हात थरथरत होता, आणि सगळ्यांना वाटलं, बापाची माया.

"असू दे, पोरी," तो म्हणाला. "झालं ते झालं."

मित्रांनो, मी लोखंडाची. मला माफी मागता येत नाही आणि देताही येत नाही. तुमच्या हातून काही पडेल, मोडेल, ओरखडा उठेल. हात सगळ्यांचेच थरथरतात. तेव्हा लाज वाटली तरी सांगा. रडत सांगा, शिव्या खात सांगा, पण गाडी सुरू होण्याआधी सांगा.

त्याने अजून सांगितलेलं नाही. मला गॅरेजातल्या एका डबीत लपवून ठेवलं आहे. परवा भिंगरी कुबडी टेकत गॅरेजात आली होती. नवीन शिकणाऱ्या दोन मुलींना ती गाडीचा चेपलेला दरवाजा दाखवत होती. "माझ्यासारखं करू नका," ती म्हणाली. "माझ्या बाबांचं ऐकत जा."